दुसऱ्याच्या जोत्यावरची पेढी

घरांत स्थळ पाहावयाचें असलें म्हणजे आपल्याकडील वडील मंडळी किती बारकाईनें चौकशी करितात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. घराणें कसें, मिळकत स्वतःची कीं सामाईक, पूर्वीं कोणाशीं संबंध जुळले आणि ते कसे निभावले, येथपर्यंत सर्व विचारलें जातें. परंतु घरच्या धंद्यासाठीं सॉफ्टवेअर बांधून घ्यावयाचें ठरलें कीं, याच मंडळींची चौकशी पडद्यावरील रंग आणि अंदाजपत्रकाची बेरीज या दोन गोष्टींपाशीं थांबते. वास्तविक हाहि एक संबंधच होय. तो दहापंधरा वर्षें निभवावा लागतो, आणि मोडण्याची वेळ आली तर देण्याघेण्याचा हिशेब करतां करतां नाकीं नऊ येतात.

हा विषय या महिन्यांत घेण्यास एक पत्र कारण झालें. पत्रलेखकांचें कुटुंब पश्चिम महाराष्ट्रांतील असून तीन भावांचा मिळून औषधांचा घाऊक व्यापार आहे. बिलें, माल आणि उधारी पाहण्यासाठीं त्यांनीं २०१० सालीं सिल्व्हरलाइट नांवाच्या प्लॅटफॉर्मवर एक ॲप्लिकेशन करवून घेतलें. आज तें केवळ एका जुन्या संगणकावर उघडतें, आणि तो संगणक बिघडेल या भीतीनें घरांतील मुलांस त्या खोलींत जाण्याचीहि मनाई आहे. २०१७ मध्यें जीएसटी आला तेव्हां ॲप्लिकेशन करणारे गृहस्थ हयात व हाताशीं होते, त्यामुळें तें निभावलें. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील कराचा दर बदलला, तेव्हां मात्र दुरुस्ती करणारा कोणी उरला नव्हता. तेव्हांपासून प्रत्येक बिल छापून झाल्यावर हातानें दुरुस्त होतें. थोरले बंधु म्हणतात, 'चालतें आहे तोंवर चालूं द्या.' अभियंता झालेला पुतण्या म्हणतो, 'काका, सगळें मुळापासून नवें करूं या,' आणि तीन ठिकाणांहून तीन अंदाजपत्रकें आणून तो बसला आहे. तिन्हींत प्लॅटफॉर्मचीं नांवें निरनिराळीं. पैसा सामाईक भांडवलांतून जावयाचा असल्यानें जेवणाच्या पंक्तीलाहि आतां हाच विषय निघतो व ताटें अर्धीं टाकून माणसें उठतात, असें धाकट्या बंधूंनीं लिहिलें आहे.

तिन्ही अंदाजपत्रकांवर निवाडा देणें आमचें काम नव्हे. परंतु या कुटुंबावर ही पाळी कशी आली हें नीट समजून घेतलें, तर पुढची निवड कशी करावी याचें उत्तर बरेंचसें त्यांतच मिळतें. आणि अशीं घरें अनेक असल्यामुळें त्याची चर्चा येथें करणें वावगें होणार नाहीं.

'प्लॅटफॉर्म' हा शब्द पुष्कळांस कोड्यांत टाकतो. घर बांधतांना आधीं जोतें घालतात व मग त्यावर भिंती उभ्या राहतात, तसें हें आहे. धंद्याचें ॲप्लिकेशन म्हणजे भिंती, दारें, खिडक्या. आणि ज्या आयत्या साधनसामग्रीवर तें उभें राहतें तो प्लॅटफॉर्म. जोतें स्वतः घालणें कोणत्याहि पेढीला परवडत नाहीं. तें कोणीतरी घातलेलेंच घ्यावें लागतें. प्रश्न एवढाच कीं, तें कोणाच्या जमिनीवर आहे.

वीसपंचवीस वर्षांपूर्वीं आपल्याकडील पुष्कळ व्यापारी फॉक्सप्रो किंवा व्हिज्युअल बेसिक यांत केलेले प्रोग्रॅम वापरीत. ते झपाट्यानें चालत. सरावाचा कारकून माउसला हात न लावतां नुसतें एंटर दाबीत दाबीत बिल पुरें करी. परंतु प्रोग्रॅम प्रत्येक संगणकावर वेगळा बसवावा लागे, आणि दुकानांत केलेली दुरुस्ती गुदामांत पोचविण्यासाठीं माणूस धाडावा लागे. वेबमुळें ही अडचण मिटली. प्रोग्रॅम एकाच ठिकाणीं, सर्व्हरवर, ठेवावयाचा आणि दुकान, गुदाम, घर कोठूनहि तो ब्राउझरमध्यें उघडावयाचा. तथापि त्या काळचीं वेबपृष्ठें वाचण्यासाठीं योजिलेलीं होतीं, काम करण्यासाठीं नव्हेत. एक आकडा बदलला कीं, सबंध पृष्ठ सर्व्हरकडे जाऊन परत येई. कारकुनानें कीर्दींत एक ओळ लिहावी, वही मिटून पुण्याच्या पेढीकडे पाठवावी, तेथून ती तपासून परत यावी आणि मग त्यानें दुसरी ओळ लिहावी, असा तो प्रकार होता. गिऱ्हाईक समोर उभें असतां हें कोणास सोसवेल?

जुन्या प्रोग्रॅमची चपळाई आणि वेबची सोय या दोहोंचा मेळ घालावा, ही कल्पना यांतूनच निघाली. मार्च २००२ मध्यें मॅक्रोमीडिया या अमेरिकन कंपनीनें तिला 'रिच इंटरनेट ॲप्लिकेशन' असें नांव दिलें. येथें 'रिच' म्हणजे पडद्यावर पुष्कळ कांहीं करूं देणारें, साधनसंपन्न. परंतु बांधून घेणाऱ्याच्या खिशाकडे पाहिलें तर 'श्रीमंत' हाहि अर्थ अगदींच चुकीचा ठरत नसे.

२००८ ते २०१० या काळांत अशा ॲप्लिकेशनसाठीं मुख्यतः तीन स्थळें बाजारांत होतीं. आणि चौथें एक होतें, जें फारसें कोणी मनावर घेत नसे.

पहिलें फ्लेक्स. मॅक्रोमीडियानें तें २००४ मध्यें आणलें, आणि डिसेंबर २००५ मध्यें ती कंपनीच ॲडोबीनें विकत घेतल्यावर तें ॲडोबीच्या घरीं गेलें. फ्लेक्सचा प्रोग्रॅम फ्लॅश प्लेअर या प्लगिनमध्यें, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडलेल्या तुकड्यांत, चाले. आणि हा तुकडा त्या वेळीं बहुतेक संगणकांवर आधींच बसलेला असे. शेंकडों ओळींचें कोष्टक पडद्यावर यावें, त्याचे स्तंभ बोटानें ओढल्यासारखे मागेंपुढें व्हावेत, एक आकडा बदलतांच शेजारचा आलेख हलावा, आणि हें सर्व प्रत्येक ब्राउझरमध्यें अगदीं सारखें दिसावें, ही त्याची खरी मातबरी होती.

दुसरें सिल्व्हरलाइट. मायक्रोसॉफ्टनें तें सप्टेंबर २००७ मध्यें आणलें. पहिली आवृत्ति मुख्यतः चलच्चित्रें दाखविण्यापुरती होती. परंतु ऑक्टोबर २००८ मधील दुसऱ्या आवृत्तींत सी शार्प ही भाषा व डॉट नेटची सामग्री ब्राउझरमध्यें येऊन बसली. ही भाषा जाणणाऱ्या तरुणांची आपल्याकडे वाण नव्हती. सर्व्हरवरचें काम आणि पडद्यावरचें काम एकाच भाषेंत, एकाच माणसाकडून करून घेतां येत असल्यानें लहान पेढ्यांस हें स्थळ विशेष पसंत पडे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचे सामने अमेरिकेंत एनबीसीनें वेबवर याच्याच द्वारें दाखविले. एवढ्या मोठ्या मंडपांत मिरवलेल्या स्थळास नांव तरी कोण ठेवणार?

तिसरें जावाएफएक्स, सन कंपनीचें. तें डिसेंबर २००८ मध्यें बाहेर आलें. त्याची स्वतंत्र स्क्रिप्ट भाषा लोक शिकतात न शिकतात तोंच २०१० मध्यें सन कंपनी ओरॅकलच्या हातीं गेली, आणि २०११ च्या दुसऱ्या आवृत्तींत ती भाषाच काढून टाकण्यांत आली. याविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं.

चौथें स्थळ म्हणजे ब्राउझरची स्वतःची साधी सामग्री: एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ मध्यें नेटस्केप कंपनींत अवघ्या दहा दिवसांत प्रथम उभी केली, आणि त्या घाईच्या खुणा तिच्या अंगावर पुढें बरींच वर्षें दिसत राहिल्या. त्यांत ब्राउझरांचें एकमेकांशीं पटत नसे. २००१ च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ६ मध्यें सरळ दिसणारें पृष्ठ दुसऱ्यांत वेडेंवांकडें होई. अर्थात् या घराचीहि चिन्हें बरीं होतीं. सबंध पृष्ठ न हलवितां मागच्या मागें हवी तेवढीच माहिती आणण्याची सोय १९९९ पासून इंटरनेट एक्स्प्लोररमध्यें होतीच. २००४ चें जीमेल व २००५ चें गूगल मॅप्स यांनीं तिच्यानें काय होऊं शकतें तें दाखविलें, आणि फेब्रुवारी २००५ मध्यें जेसी जेम्स गॅरेट यांनीं या पद्धतीला 'एजॅक्स' हें नांव दिलें. २००६ मध्यें आलेल्या जेक्वेरीनें ब्राउझरांचीं भांडणें पुष्कळ अंशीं झांकून टाकलीं. मराठी घरांच्या दृष्टीनें आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. साध्या पृष्ठावरील अक्षरांची जुळणी संगणकाची मूळ व्यवस्था करी, त्यामुळें आपलीं जोडाक्षरें नीट उमटत. प्लगिनें मात्र अक्षरें आपल्या पद्धतीनें रंगवीत, आणि फ्लॅशमध्यें असल्या लिप्यांस न्याय देणारी योजना २००८ च्या दहाव्या आवृत्तींत आली.

एवढें सर्व असूनहि २०१० सालीं कोणी फ्लेक्स किंवा सिल्व्हरलाइट निवडलें, तर त्याला आज हंसणें अन्यायाचें होईल. जें काम चौथ्या स्थळाकडून करून घेण्यास सहा महिने लागत, तें या दोघांकडून पुष्कळच लौकर व नेटकें होई. आमच्या पत्रलेखकांच्या थोरल्या बंधूंनीं चार माणसांस विचारूनच निर्णय घेतला होता, आणि त्या चौघांनींहि तेव्हांचें खरें तेंच सांगितलें होतें. विचारलें गेलें नाहीं तें एवढेंच कीं, या जोत्याचा मालक कोण आणि त्याचा जीव कशांत गुंतला आहे.

पुढें काय झालें तें पहा. २००७ मध्यें आलेल्या आयफोनवर फ्लॅश चालत नव्हतें. २९ एप्रिल २०१० रोजीं स्टीव्ह जॉब्स यांनीं उघड पत्र लिहून तें कां चालत नाहीं याचीं कारणें मांडलीं: तें एकाच कंपनीच्या मालकीचें आहे, बॅटरी खातें, सुरक्षित नाहीं, बोटानें चालविण्यासाठीं योजिलेलें नाहीं. (पत्र लिहिणाऱ्यांच्या स्वतःच्या वाड्याला कुंपण कांहीं कमी उंच नव्हतें, ही गोष्ट निराळी.) त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत मायक्रोसॉफ्टच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें सिल्व्हरलाइटविषयींचें आमचें धोरण बदललें आहे, असें एका मुलाखतींत बोलून दाखविलें. नोव्हेंबर २०११ मध्यें ॲडोबीनें मोबाइलच्या ब्राउझरसाठीं फ्लॅशचा पुढील विकास थांबविला, आणि त्याच महिन्यांत फ्लेक्स अपाचे या संस्थेच्या स्वाधीन करण्याचें ठरविलें. धंद्याच्या ॲप्लिकेशनसाठीं दूरच्या दृष्टीनें एचटीएमएल ५ हेंच योग्य, असें तेव्हां खुद्द ॲडोबीनेंच सांगितलें. सिल्व्हरलाइटची पांचवी आवृत्ति डिसेंबर २०११ मध्यें आली. सहावी आलीच नाहीं. म्हणजे आमच्या पत्रलेखकांच्या घरीं ज्या सालीं नव्या पेढीची वास्तुशांत झाली, त्याच सालीं जमिनीच्या मालकाचें मन तेथून उठलें होतें.

मग दारें एकेक करून लागत गेलीं. गूगल क्रोमनें सप्टेंबर २०१५ पर्यंत जुन्या पद्धतीचीं प्लगिनें पुरतीं बंद केलीं. सिल्व्हरलाइट व जावा हीं दोन्ही त्यांतच गेलीं. मार्च २०१७ मध्यें फायरफॉक्सनें फ्लॅशखेरीज इतरांस रजा दिली. ३१ डिसेंबर २०२० रोजीं फ्लॅशचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअर स्वतःच आंतील मजकूर दाखविण्याचें नाकारूं लागला. १२ ऑक्टोबर २०२१ रोजीं सिल्व्हरलाइटचीहि मुदत भरली.

हा फटका लहान पेढ्यांसच बसला असें नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याचे कांहीं करपत्रकांचे नमुने फ्लॅशमध्यें होते. फ्लॅश बंद पडल्यावर त्या खात्यानें जानेवारी २०२१ मध्यें काय करावें? ते नमुने भरतां यावेत एवढ्यासाठीं स्वतःचा एक वेगळा ब्राउझरच करून करदात्यांस दिला! सरकारी खात्याला हें परवडतें. औषधांच्या व्यापाऱ्याला परवडत नाहीं. तो जुना संगणक कापडानें झांकून ठेवतो.

यांत मालकांनीं फसविलें, असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं. फ्लॅशमधून सुरक्षिततेचीं छिद्रें सारखीं निघत होतीं, हें खरेंच होतें. ॲडोबीनें शेवटाची सूचना जुलै २०१७ मध्यें, म्हणजे तीन वर्षांहून अधिक आधीं, दिली. मायक्रोसॉफ्टनेंहि शेवटच्या आवृत्तीला जवळजवळ दहा वर्षें सांभाळलें आणि आधीं जाहीर केलेल्या तारखेसच निरोप घेतला. नोटीस रीतसर होती. भाडेकरूनें ती वाचली नाहीं. पण भाडेकरूनें वाचली असती तरी तो काय करणार होता, हा प्रश्न उरतोच. दुसऱ्याच्या जमिनीवरील घर कितीहि नीटनेटकें असलें तरी नोटीस आल्यावर भिंती उचलून नेतां येत नाहींत.

चौथ्या स्थळाची गोष्ट येथेंच वेगळी पडते. वेबची मूळ योजना टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ मध्यें जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ती सर्वांस मोफत खुली केली. तेव्हांपासून तिच्यावर कोणा एकाचा सातबारा नाहीं. एचटीएमएल ५ ला ऑक्टोबर २०१४ मध्यें प्रमाण म्हणून मान्यता मिळाली ती अनेक प्रतिस्पर्धी कंपन्यांनीं एकत्र बसून, पुष्कळ भांडून. भांडणांमुळें काम सावकाश झालें, परंतु त्याच भांडणांमुळें एकट्याला तें बंद करतां येत नाहीं. सर्नमधलीं अगदीं आरंभींचीं साधीं पृष्ठें आजच्या ब्राउझरमध्यें सुखानें उघडतात. दिसावयास तीं ओबडधोबड आहेत, उघडतात मात्र.

तेव्हां 'एचटीएमएल घ्या आणि निश्चिंत व्हा' असें म्हणून हा लेख संपवितां आला असता, तर आम्हांसहि बरें वाटलें असतें. परंतु आज कोणीहि नुसत्या एचटीएमएलवर धंद्याचें मोठें ॲप्लिकेशन बांधीत नाहीं. जमीन सार्वजनिक असली तरी तिच्यावर आयते सांगाडे उभे करून देणारे पुन्हा निरनिराळे आहेतच, आणि पुतण्याच्या तिन्ही अंदाजपत्रकांतील नांवें याच सांगाड्यांचीं होत. गूगलचा अँग्युलरजेएस २०१० मध्यें आला. सप्टेंबर २०१६ मध्यें त्याचा जो दुसरा अवतार निघाला तो इतका वेगळा होता कीं, जुनें काम त्यावर जसेंच्या तसें चढेना. आणि २०२१ च्या अखेरीस पहिल्याचा आधार संपला. फेसबुकनें २०१३ मध्यें खुला केलेला रिॲक्ट फार पसरला. तथापि त्याच्या परवान्यांतील पेटंटविषयक कलमावरून २०१७ मध्यें इतकी ओरड झाली कीं, त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत कंपनीला तो परवाना बदलून साधा सर्वमान्य परवाना लावावा लागला.

तरीहि फरक मोठा आहे. अँग्युलरजेएसचा आधार संपला म्हणून त्यावर केलेलीं ॲप्लिकेशनें दुसऱ्या दिवशीं बंद पडलीं नाहींत. ब्राउझरला जी भाषा कळते तींतच तीं असल्यामुळें तीं आजहि चालतात, आणि मूळ प्रोग्रॅम सर्वांपुढें उघडा असल्यानें ज्याला गरज आहे त्याला डागडुजी करून घेतां येते. छप्पर गळूं लागणें आणि जमीनच जाणें यांत जेवढें अंतर, तेवढें हें आहे. म्हणून रिॲक्ट कीं अँग्युलर कीं व्ह्यू, या वादांत घरांतील मंडळींनीं पंक्तीला बसून रक्त आटवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. यांपैकीं जो सांगाडा आपल्या जिल्ह्यांतील निदान दोनतीन निरनिराळ्या माणसांस येतो तो घ्यावा. एकालाच येत असेल तर तो कितीहि उत्तम असला तरी घेऊं नये. आमच्या पत्रलेखकांचा प्रोग्रॅम करणारे गृहस्थ वारले, आणि त्यांच्याबरोबर त्या प्रोग्रॅमचें ज्ञानहि गेलें. ही अडचण कोणत्याहि कंपनीनें आणलेली नव्हती.

याहून महत्त्वाची गोष्ट पडद्याच्या मागें आहे, आणि तिच्याकडे अंदाजपत्रकांत क्वचितच लक्ष असतें. धंद्याच्या ॲप्लिकेशनमध्यें तीन वस्तु एकत्र नांदतात. एक नोंदी: गिऱ्हाइकें, माल, येणें-देणें. दुसरी नियम: कोणत्या औषधावर किती कर, कोणास किती दिवसांची उधारी, मुदत संपत आलेला माल केव्हां परत पाठवावयाचा. तिसरी पडदा, म्हणजे हें सर्व जेथें दिसतें ती जागा. प्लॅटफॉर्म बदलतो तो बहुधा पडद्याचा. नोंदी पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल यांसारख्या सर्वपरिचित डेटाबेसमध्यें असतील आणि नियम सर्व्हरवर स्वतंत्र ठेवले असतील, तर पडदा बदलणें म्हणजे दुकानाची पाटी व फळ्या बदलण्यासारखें आहे. त्रास होतो, पेढी बुडत नाहीं. पत्रलेखकांच्या घरीं नेमकें उलट झालें होतें. कराचा दर, सूट, उधारीची मर्यादा, सर्व कांहीं पडद्याच्या प्रोग्रॅममध्येंच गुंफून टाकलें होतें. त्यामुळें १२ चे ५ करणें एवढी एक गोष्ट, जी एखाद्या तक्त्यांत बसून मिनिटभरांत व्हावयाची, ती आज घरच्या बायकांस रोज तासभर हातानें करावी लागते. 'घरच्या बायकांस' असें आम्ही मुद्दाम लिहितों. रोजचीं बिलें मधल्या वहिनी करतात, असा त्या पत्रांत ओझरता उल्लेख आहे. परंतु तीन अंदाजपत्रकें मागवितांना त्यांस कोणी कांहीं विचारल्याचा उल्लेख नाहीं. एंटर दाबून पुढच्या रकान्यांत जातां येतें कीं प्रत्येक वेळीं माउस हातीं घ्यावा लागतो, हें ज्याला दिवसांत दीडशें बिलें करावयाचीं आहेत त्यालाच कळतें. पुतण्यानें प्रत्येक देकाराचा नमुना वहिनींपुढें ठेवून त्यांजकडून वीस बिलें करवावीं. 'संपन्न' कोणतें आणि नुसतें सजलेलें कोणतें हें तेथेंच निवडलें जाईल.

नियम बदलत राहणार, हें तर आतां अंगवळणीं पडलें आहे. ५ कोटींहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्यांस व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील विक्रीसाठीं ई-इन्व्हॉइस १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झालें. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांस हिशेबाचें सॉफ्टवेअर असें वापरावें लागतें कीं, ज्यांत प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहील व ती पुसतां येणार नाहीं. आणि जुन्या नोंदी टाकूनहि चालत नाहीं. जीएसटीच्या कायद्याप्रमाणें त्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, तर कंपनी कायद्याप्रमाणें हिशेबाचीं पुस्तकें ८ वर्षें राखावीं लागतात. सिल्व्हरलाइटची पहिली आवृत्ति आणि शेवटची यांत अवघीं चार वर्षें गेलीं, हें येथें आठवावें. ज्या जोत्याचें आयुष्य आपल्या दप्तराच्या आयुष्याहून कमी, त्यावर दप्तरखाना बांधूं नये.

आतां नवींच स्थळें सांगून येत आहेत. मासिक वर्गणी भरा, प्रोग्रॅम लिहावयास नको, पडद्यावर चौकटी ओढून आठवड्यांत ॲप्लिकेशन तयार, असें त्यांचें म्हणणें असतें. पुतण्याचें तिसरें अंदाजपत्रक याच जातीचें दिसतें, आणि रकमेनें तेंच सर्वांत कमी आहे. लहानशा कामासाठीं, उदाहरणार्थ गुदामांतील मोजदाद किंवा फिरत्या विक्रेत्यांची हजेरी, हा मार्ग आम्हांस मुळींच वाईट वाटत नाहीं. परंतु पेढीचें मुख्य दप्तर त्यावर नेण्यापूर्वीं मालकाला एकच प्रश्न विचारावा: 'आम्हीं उद्यां निघून जावयाचें ठरविलें तर काय काय बरोबर नेऊं देणार?' नोंदी साध्या कोष्टकांत उतरवून मिळतात, असें उत्तर बहुधा येईल. नियमांचें काय, असें पुढें विचारावें. तेथें बहुधा उत्तर मिळत नाहीं. कारण ते नियम त्या मालकाच्याच चौकटींत लिहिलेले असतात आणि बाहेर त्यांस अर्थ नसतो. फ्लेक्सच्या वेळीं हेंच होतें, फक्त तेव्हां वर्गणी नव्हती.

पत्रलेखकांस आमचें सांगणें असें कीं, प्लॅटफॉर्मचा वाद महिनाभर बाजूस ठेवावा. आधीं त्या जुन्या संगणकांतील आणि सर्व्हरवरील नोंदी बाहेर काढून साध्या कोष्टकांत उतरवून घ्याव्या. सिल्व्हरलाइट मेलें तरी नोंदी त्यांत नसतात. त्या मागच्या डेटाबेसमध्यें सुरक्षित असण्याचा संभव फार मोठा आहे, आणि एखादा जाणता माणूस त्या दोनचार दिवसांत काढून देऊं शकेल. थोरल्या बंधूंची मुख्य भीति पंधरा वर्षांची उधारी बुडेल ही आहे. ती भीति गेली कीं, पुतण्याशीं बोलणें त्यांस सोपें जाईल. सी शार्पमध्यें सर्व्हरवर जें काम केलेलें असेल तें सर्वच टाकाऊ समजूं नये. २०२१ मध्यें बाहेर आलेल्या ओपनसिल्व्हर या खुल्या योजनेनें सिल्व्हरलाइटचीं जुनीं ॲप्लिकेशनें प्लगिनवांचून आजच्या ब्राउझरमध्यें चालविण्याचा मार्ग काढला आहे. परंतु मूळ प्रोग्रॅमचा मजकूर हातीं असेल तरच त्याचा उपयोग. दिवंगत गृहस्थांच्या घरीं त्याची प्रत आहे काय, ही चौकशी संकोच न धरतां करावी. मिळाल्यास वर्षदोनवर्षांचा अवसर मिळेल, आणि नवें काम घाईनें करावें लागणार नाहीं.

नवा करार करितांना मूळ प्रोग्रॅमचा संपूर्ण मजकूर पेढीच्या मालकीचा राहील व प्रत्येक दुरुस्तीबरोबर त्याची ताजी प्रत पेढीकडे येईल, असें कलम घालावें. शेवटचा हप्ता त्या प्रतीवरून ॲप्लिकेशन दुसऱ्या संगणकावर पुन्हा उभें करून दाखविल्यावरच द्यावा. डोमेनचें नांव आणि सर्व्हरचें खातें करणाऱ्याच्या नांवें नको, पेढीच्या नांवें हवें. त्याचा पासवर्ड एकट्या पुतण्याकडे नको, दोघांकडे हवा. नोंदींची साधी प्रत दर महिन्याच्या पहिल्या तारखेस घरीं काढून ठेवावी, आणि ती खरोखर उघडते कीं नाहीं हें पाहण्याचें काम घरांतील कोणाचें, तेंहि नांवानिशीं लिहून ठेवावें. आमच्या मतें तें मधल्या वहिनींकडे असावें.